हैदराबादच्या थीम पार्कची पहिली सहल: पाच दिवसांची वाटणी कशी करावी

पांढरकवडा, वणी, राळेगाव, हिंगणघाट या पट्ट्यातील कुटुंबांना मुलांसाठी थीम पार्क पाहायचे असेल, तर मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ पडते. नागपूर–हैदराबाद महामार्ग आपल्या दारातूनच जातो आणि पांढरकवड्याहून हैदराबाद सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. त्यामुळे रामोजी फिल्म सिटी आणि वंडरला ही दोन नावे गावोगाव घेतली जातात. परंतु बहुतेक जण दिवसांची वाटणी चुकवून परत येतात. रात्रीच्या बसने जायचे, पहाटे उतरून थेट उद्यानाच्या दारात उभे राहायचे, दुसऱ्या दिवशी दुसरे उद्यान करायचे आणि त्याच रात्री परतीची गाडी धरायची, असा दीड-दोन दिवसांचा बेत कागदावर स्वस्त दिसतो. प्रत्यक्षात तिकिटाचे पूर्ण पैसे भरून निम्मेच पाहून होते.

आम्ही दोन कुटुंबांतील नऊ जण पहिल्यांदा गेलो, तेव्हा असेच केले होते. पहाटे साडेचारला महात्मा गांधी बसस्थानकावर उतरलो, तिथेच तोंडे धुतली आणि दहाच्या आत रामोजीत पोहोचलो. दुपारी दोन वाजता आईने एका कट्ट्यावर बसून चपला काढल्या, तेव्हा तिच्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे खोल वळ उठलेले होते. ज्या स्टंटच्या कार्यक्रमासाठी धाकट्याने महिनाभर हट्ट धरला होता, तो सुरू असताना तो माझ्या मांडीवर गाढ झोपला होता. पुढील टप्पे त्या अनुभवानंतर बांधलेल्या क्रमाने दिले आहेत. हा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्प्यातील निर्णय आधीच्या टप्प्यावर अवलंबून आहे.

टप्पा १: दिवस ठरवण्याआधी माणसांची यादी करावी

एका कोऱ्या पानावर जाणाऱ्या प्रत्येकाचे नाव, वय, उंची आणि प्रकृतीची अडचण लिहावी. थीम पार्कमध्ये वयापेक्षा उंचीला महत्त्व असते. मुलांचे तिकीट अनेक ठिकाणी उंची मोजून ठरवतात आणि राइडच्या तोंडाशी उभा असलेला कर्मचारी मोजपट्टीच्या रेघेखाली असलेल्या मुलाला आत सोडत नाही. मोठ्या थरारक राइडसाठी बऱ्याच उद्यानांत १४० सेंटिमीटरची रेघ असते. मुलाला घराच्या चौकटीला अनवाणी उभे करून, डोक्यावर वही आडवी धरून खडूने रेघ मारावी आणि मग टेपने मोजावे. अंदाजाने "पाचवीत आहे, म्हणजे चालेल" असे धरून गेलेल्या मुलाला पाऊण तास रांगेत उभे राहून परत फिरावे लागते. ते त्याला दिवसभर लागून राहते, म्हणून कोणती राइड मिळेल आणि कोणती मिळणार नाही हे घरीच स्पष्ट सांगावे.

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचे किंवा पाठीचे दुखणे, फिट येणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल, तर झटके देणाऱ्या आणि उंचावरून खाली येणाऱ्या राइड पूर्णपणे वर्ज्य कराव्यात. गुडघे दुखणाऱ्या माणसांची संख्या मात्र वेगळी लिहून ठेवावी, कारण दिवसांची वाटणी प्रामुख्याने त्यांच्यावरूनच ठरते.

तपासणी: यादीत साठीपुढचे कोणी किंवा सहा वर्षांखालील मूल असल्यास, दोन उद्यानांच्या दिवसांमध्ये एक हलका दिवस सक्तीचा समजावा. सर्व जण तरुण असतील, तरच तो टाळण्याचा विचार करावा.

टप्पा २: तारीख निवडताना शेत, शाळा आणि तेलंगणाचे सण एकत्र पाहावेत

आपल्याकडे सहल दिवाळीच्या सुट्टीत निघते. नेमकी तेव्हाच सोयाबीनची मळणी आटोपत असते आणि कापसाची पहिली वेचणी सुरू झालेली असते. घरातील कर्ता माणूस उद्यानात उभा राहून मजुरांना फोन करत असेल, तर त्या दिवसाचा कोणालाच उपयोग होत नाही. पहिल्या वेचणीची व्यवस्था लावल्यानंतरचे दिवाळी सुट्टीचे शेवटचे दिवस निवडावेत, किंवा नाताळाच्या आधीच्या आठवड्यात शाळेतून तीन-चार दिवसांची रजा मागावी. नाताळ ते १ जानेवारी हा काळ दोन्ही उद्यानांत गर्दीचा असतो, म्हणून तो टाळावा.

संक्रांतीचा आठवडाही वर्ज्य करावा. आपल्याकडे संक्रांत तिळगुळात एका दिवसात आटोपते, परंतु तेलंगणा आणि आंध्रात तो मोठा सण आहे. हैदराबादेतील लाखो लोक त्या वेळी गावी जातात, त्यामुळे बस आणि रेल्वेची तिकिटे मिळत नाहीत. दसऱ्याच्या आधी बतुकम्मा या तेलंगणातील फुलांच्या सणाच्या सुट्ट्यांतही तीच स्थिती असते. मे महिन्यात हैदराबाद चंद्रपूरपेक्षा सुसह्य असले, तरी रामोजीसारख्या उघड्या परिसरात दिवसभर चालण्याइतके ते थंड नसते. पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की उंचावरील आणि पाण्याच्या राइड थांबवतात.

आठवड्यातील वाराकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. शनिवार-रविवारी शहरातील लोकही उद्यानात येतात आणि रांगा कितीतरी लांबतात. आपण एवढ्या दुरून जातो, त्यामुळे मधले वार निवडणे आपल्याच हातात आहे. सोमवारी निघून शुक्रवारी परत यावे, अशी माझी ठाम शिफारस आहे. हलक्या दिवसासाठी उपयोगी असलेले सालारजंग संग्रहालय शुक्रवारी आणि नेहरू प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असते. सोमवार ते शुक्रवार या बेतात हलका दिवस बुधवारी येतो आणि त्या दिवशी दोन्ही उघडे मिळतात.

टप्पा ३: परतीचे तिकीट आधी, जाण्याचे नंतर

रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. दोन्ही बाजूंचे तिकीट एकाच दिवशी मिळत नाही, म्हणून वहीत दोन तारखा लिहाव्यात: जाण्याचे आरक्षण उघडण्याची आणि परतीचे आरक्षण उघडण्याची. परतीचे तिकीट हाती येईपर्यंत हॉटेल किंवा उद्यान यांचे पैसे भरू नयेत. जाताना गाडी नाही मिळाली तर सहल पुढे ढकलता येते. परतताना नाही मिळाली, तर थकलेल्या मुलांना घेऊन बसस्थानकावर रात्र काढावी लागते.

नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून धावते आणि सेवाग्राम, चंद्रपूर, बल्लारशाह येथे थांबते. ती पहाटे नागपूरहून निघून दुपारी सिकंदराबादला पोहोचते, म्हणजे अर्धा दिवस विसाव्याला मिळतो. ती आठवड्यातून एक दिवस धावत नाही, तेवढा वार आरक्षण करताना पाहून घ्यावा. महामार्गालगतच्या गावांनी मात्र सेवाग्राम किंवा चंद्रपूरपर्यंत उलटे जाण्यापेक्षा सकाळची बस धरणे सोयीचे आहे. पाटणबोरी, आदिलाबाद, निर्मल, कामारेड्डी या मार्गाने संध्याकाळपर्यंत हैदराबाद येते.

सूचना: एसटीमध्ये महिलांना मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलत आणि पंचाहत्तरीपुढील ज्येष्ठांचा मोफत प्रवास महाराष्ट्राच्या हद्दीपुरताच आहे. पैनगंगा ओलांडल्यावर पुढचे पूर्ण भाडे लागते. तेलंगणातील महिलांचा मोफत बसप्रवास त्या राज्याच्या रहिवाशांसाठी आहे, आपले आधार कार्ड तिथे चालत नाही. खर्चाचा अंदाज बांधताना या दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात आणि सहा बायका असलेल्या गटाचा हिशेब पहिल्याच दिवशी कोलमडतो.

रेल्वेत पाच ते बारा वर्षांखालील मुलासाठी वेगळी जागा हवी असल्यास पूर्ण भाडे भरावे लागते. रात्रीच्या प्रवासात ती जागा घ्यावीच. एका बर्थवर आई आणि आठ वर्षांचा मुलगा झोपले, की सकाळी दोघेही जागरण झालेले असतात.

टप्पा ४: मुक्काम एकच ठेवावा आणि तो पूर्वेकडे घ्यावा

दोन्ही उद्याने शहराबाहेर आहेत. रामोजी पूर्वेला विजयवाडा महामार्गावर हयातनगरच्या पुढे आहे, तर वंडरला दक्षिणेकडे बाह्य वळण रस्त्याजवळ रावीर्याल येथे आहे. "चारमिनार जवळ पडावे" म्हणून जुन्या शहरात खोली घेणारे लोक रोज सकाळ-संध्याकाळ शहराच्या गर्दीतून आरपार जातात. एल. बी. नगर किंवा दिलसुखनगर भागात मुक्काम केल्यास रामोजीचा रस्ता सरळ समोर येतो आणि वळण रस्त्याने वंडरलाही सोपे पडते. एल. बी. नगरपर्यंत मेट्रो आहे. सिकंदराबादला उतरल्यास मेट्रोने अमीरपेटला मार्गिका बदलून तिथे पोहोचता येते. सामान जास्त असेल, तर सरळ गाडी करावी.

खोली घेताना तीन प्रश्न फोनवर विचारावेत: खोली किती वाजता ताब्यात मिळते, लिफ्ट आहे का आणि सकाळी सातला नाश्ता मिळतो का. बहुतेक ठिकाणी खोली दुपारी बाराला मिळते. पहाटे पोहोचणाऱ्याला एका दिवसाचे जास्तीचे भाडे भरावे लागते किंवा बाकड्यावर बसावे लागते, हे रात्रीच्या बसच्या विरोधातील आणखी एक कारण आहे. भाषेची काळजी करू नये. तिथली दखनी हिंदी आपल्याला पहिल्या तासापासून कळते.

टप्पा ५: दिवसांची प्रत्यक्ष वाटणी

आता पानावर पाच रकाने आखावेत.

१. सोमवार: प्रवास, खोली, लवकर जेवण, रात्री नऊला झोप. या दिवशी काहीही पाहायचे नाही.

२. मंगळवार: रामोजी फिल्म सिटी, पूर्ण दिवस.

३. बुधवार: सकाळी उशिरा उठणे, अर्धा दिवस शहर, दुपारी विश्रांती.

४. गुरुवार: वंडरला, पूर्ण दिवस.

५. शुक्रवार: परतीचा प्रवास.

रामोजी आधी आणि वंडरला नंतर, या क्रमामागे कारण आहे. रामोजीत चालणे, बसने फिरणे आणि कार्यक्रम पाहणे असते, त्यामुळे घरातील सर्व वयाच्या माणसांना ते जमते आणि सहलीची सुरुवात सर्वांना बरोबर घेऊन होते. वंडरलाचा दिवस शरीराला घुसळून काढणारा असतो आणि अर्धा वेळ पाण्यात जातो. वंडरला आधी केले, की ओले कपडे, लाल झालेले डोळे, एखाद्याचा सर्दी-ताप हे सर्व पुढच्या दिवसांत येते. ते शेवटी ठेवल्यास त्यानंतर फक्त गाडीत बसायचे असते.

एकच दिवस कमी मिळत असेल, तर बुधवार न काढता दोनपैकी एक उद्यान काढावे. लोक नेमके उलटे करतात. दहा वर्षांखालील मुले आणि आजी-आजोबा असतील तर रामोजी ठेवावे. कॉलेजची मुले असतील तर वंडरला ठेवावे.

इशारा: उद्यान सुटल्यावर त्याच रात्रीची गाडी कधीही धरू नये. उद्यानाच्या दारातून सर्व माणसे बाहेर निघायलाच पाऊण तास लागतो, पुढे संध्याकाळची वाहतूक असते आणि ती गाडी चुकेल या धास्तीने दुपारी तीनपासूनच कर्ता माणूस घड्याळ पाहू लागतो.

टप्पा ६: रामोजीचा दिवस, तासांच्या क्रमाने

हा परिसर दीड हजार एकरांहून मोठा आहे, हे आकडे म्हणून वाचून सोडू नये. आपल्याकडे पाच एकरांच्या वावराचा धुरा फिरून येणे म्हणजे काय, ते प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या मापाने विचार केला, की तिकीटखिडकीपासून मुख्य भागापर्यंत त्यांच्याच बसने का नेतात, ते समजते. उद्यान सकाळी नऊला उघडते. साडेआठला दारात पोहोचावे, म्हणजे पहिल्या बसमध्ये जागा मिळते.

आत गेल्यावर पहिली कृती एकच: त्या दिवसाच्या कार्यक्रमांच्या वेळा मिळवून त्यांतील तीन निवडाव्यात. बाकी सर्व फिरणे त्या तीन वेळांच्या मध्ये बसवावे. सामान्य चूक अशी, की लोक आधी मार्गदर्शकासोबतच्या लाल बसने फिरायला निघतात, ती फेरी लांबते आणि खास कार्यक्रम हुकतात. स्टंटच्या कार्यक्रमाला वीस मिनिटे आधी जाऊन सावलीची बाजू धरावी. बसची फेरी उन्हाच्या वेळी घ्यावी, कारण तेव्हा निदान डोक्यावर छप्पर असते. लहान मुलांचा खेळण्याचा भाग, पक्ष्यांचा आणि फुलपाखरांचा भाग दुपारनंतर ठेवावा. मुलांना आधी खेळायला सोडले, की ती तिथून हलत नाहीत.

साहसी खेळांच्या विभागाचे तिकीट वेगळे असते, म्हणून प्रवेशाचे तिकीट घेताना त्यात काय येते आणि काय नाही ते वाचून घ्यावे. तिकीट अधिकृत संकेतस्थळावरून किंवा खिडकीवरूनच घ्यावे. अनोळखी फोनवरून मिळालेल्या "स्वस्त पॅकेज"साठी आगाऊ रक्कम पाठवू नये.

तपासणी, दुपारी दोन वाजता: प्रत्येकाने पाणी प्यायले का, ज्येष्ठांनी गोळ्या घेतल्या का, आणि परतीची शेवटची बस किती वाजता व कुठून निघते हे दोघांना तरी माहीत आहे का?

टप्पा ७: हलका दिवस खरोखर हलका ठेवावा

या दिवशी एकच ठिकाण करावे. गोवळकोंडा फार सुंदर असले, तरी त्याच्या पायऱ्या आदल्या दिवशी थकलेल्या पायांसाठी नाहीत. आमच्या दुसऱ्या खेपेला आम्ही सालारजंग संग्रहालयात गेलो. तिथल्या जुन्या घड्याळासमोर लोक बाराच्या आधीच जमतात. तास भरला की आतून छोटा पुतळा बाहेर येतो आणि घंटेवर बारा ठोके मारतो. आईने ते सर्व बाकावर बसून पाहिले. दीडला जेवून खोलीवर परतलो आणि पाचपर्यंत सर्व झोपलो. संध्याकाळी धुतलेले कपडे वाळत घालावेत आणि गुरुवारची पिशवी भरावी, एवढेच काम ठेवावे.

टप्पा ८: वंडरलाचा दिवस, आधी कोरडे आणि मग पाणी

पिशवीपासून सुरुवात करावी. पाण्याच्या राइडवर सुती कपडे, साडी, ओढणी चालत नाही. नायलॉनचे किंवा पोहण्याचे कपडे लागतात. ते आत विकत मिळतात, पण सहा जणांसाठी घेतल्यास मोठी रक्कम होते. यवतमाळ किंवा वर्ध्याच्या बाजारातून पूर्ण बाह्यांचा वरचा भाग आणि पायघोळ असे संच आधीच घ्यावेत. घरातील स्त्रियांना ते घालायचे आहेत, हे त्यांच्याशी मोकळेपणी बोलून आठवडाभर आधी ठरवावे. ऐन दारात संकोच झाला, की आई आणि काकू दिवसभर सामान सांभाळत बसतात, आणि मला ते फार वाईट वाटते. काचेच्या बांगड्या, जोडवी, पैंजण, सोन्याची पोत घरीच ठेवावी. घसरगुंडीत बांगडी फुटली, तर स्वतःला आणि मागून येणाऱ्याला इजा होते.

क्रम असा ठेवावा:

१. दार उघडताच आत जाऊन लॉकर घ्यावा आणि किल्ली एकाच माणसाच्या मनगटाला बांधावी.

२. पहिल्या दोन तासांत सर्वांत थरारक कोरड्या राइड कराव्यात, कारण तेव्हा रांगा लहान असतात. ज्यांना या राइड वर्ज्य आहेत, त्यांनी त्या वेळी लहान मुलांना घेऊन शांत राइड कराव्यात.

३. त्यानंतर हलके जेवावे आणि अर्धा तास बसावे. बाहेरचे खाणे आत नेऊ देत नाहीत, म्हणून दशम्या आणि चिवडा खोलीवरच्या सकाळ-संध्याकाळसाठी ठेवावा, मात्र तान्ह्या बाळाचे खाणे आणि औषधे बरोबर असावीत.

४. त्यानंतर पाणी. पाण्याच्या राइड दुपारच्या सुमारास सुरू होतात. एकदा अंग भिजले, की ओल्या कपड्यांनी कोरड्या राइडवर बसू देत नाहीत. पाणी पाहून मुले कोरड्या राइड बाकी असतानाच हट्ट करतात आणि पालक मान्य करतात. मग दुपारभर कपडे बदलण्याच्या खोलीसमोर रांगा लावाव्या लागतात. सर्वाधिक कुटुंबे याच ठिकाणी चुकतात.

५. उद्यान बंद होण्याच्या तासभर आधी पाण्याबाहेर यावे. शेवटच्या अर्ध्या तासात सर्वच जण कपडे बदलायला जातात.

इशारा: लाटांच्या तलावात आपली मुले हाताच्या अंतरावर असावीत. विहिरीत किंवा तळ्यात पोहणाऱ्या मुलालाही लाटेत एकटे सोडू नये. पाण्यात सर्व चेहरे सारखे दिसतात, म्हणून मुलांना एकाच भडक रंगाच्या टोप्या घ्याव्यात आणि हरवल्यास भेटण्याची एक जागा सकाळीच पायांनी जाऊन दाखवावी.

टप्पा ९: शुक्रवार

सकाळची घाई नको म्हणून खोलीचा हिशेब गुरुवारी रात्रीच चुकता करावा. ओले कपडे प्लास्टिकच्या वेगळ्या पिशवीत तळाशी भरावेत, तिकिटे आणि आधार कार्डे कर्त्याच्या वरच्या खिशात असावीत, आणि गाडीच्या वेळेच्या दीड तास आधी एल. बी. नगर सोडावे. शनिवारी सकाळी शेतावर जायचे असेल, तर बैल-ढोरांकडे पाहणाऱ्या शेजाऱ्याला परतीची वेळ आदल्या रात्रीच कळवून ठेवावी.